मोतीबिंदूच आहे

आमटीत दोनदा मीठ पडलं तेव्हा मी म्हटलं,
मोतीबिंदू आहे.
मिठाचा आणि डोळ्यांचा काय संबंध
हे मला कुणी विचारलं नाही.
वरच्या मजल्यावरच्या बिरनाळेबाईंना तिनं
"ये गं पारू" म्हणून आत घेतलं,
हातावर गुळाचा खडा ठेवला.
पारूमावशीला जाऊन अकरा वर्षं झाली.
तेव्हाही मी जिन्यात बाईंना गाठून सांगितलं,
डोळ्यांचंच आहे हो,
उजवा तर पार पिकलाय.

तासगावच्या शेडवर सव्वीस हंगाम
आईनं बेदाणा निवडला.
हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं,
काळा पडलेला मांडीजवळच्या डब्यात,
आणि काडी?
काडी तर तिला हात लागायच्या आधीच दिसायची.
मुकादम म्हणायचा,
आक्काताईचं ताट परत बघायचं नाही.
संध्याकाळी टेम्पोतून उतरायची
तेव्हा पदराला गंधकाचा वास
आणि बोटं एकमेकांना चिकटलेली.
त्याच बोटांनी सकाळी माझी वेणी.
पोरी म्हणायच्या, शैले, तुझ्या डोक्याला मुंग्या लागतील.

मिरजेच्या दवाखान्यात फॉर्म भरताना
वयाच्या रकान्याशी मी अडले.
"दुष्काळात झाली मी," आई म्हणाली,
"कुठल्या, ते तुझं तू लिही."
मी बहात्तर लिहिलं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, साल नको, वय.
वयच आहे, म्हटलं.
नातं: मुलगी.
सही करताना पेन दोनदा झटकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
तिनं आधी पंख्यावरची धूळ पाहिली,
मग डॉक्टरांच्या शर्टाचं लोंबणारं बटण,
मग मला. बराच वेळ.
"शैला, तुझं केस कवा पिकलं गं?"
मी एवढ्यानं हसले
की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.
दिसतंय! नाव घेतलं! ओळखलं!
रिक्षात विश्रामबागेपर्यंत ती
चौथीतल्या मुलीसारखी पाट्या वाचत होती, मोठ्यानं:
ये-थे मो-टा-र रि-वाइं-डिं-ग क-रू-न मि-ळे-ल.
रिक्षावाल्यालाही मी सांगितलं,
काही नाही हो, मोतीबिंदूच होता.

रात्री थेंब घालताना,
वर बघ. आई, वर. छताकडं.
ती वर बघत राहिली
आणि हात चादरीवरून फिरत राहिले.
चिमटीत काही धरायची, बाजूला टाकायची.
धरायची, टाकायची.
काय गं, म्हटलं.
"काडी हाय."
मी दिवा घालवला.
झोपेत असेल, म्हटलं. जागी होती.

पहाटे पाचला दाराची कडी वाजली.
खाली गेटपाशी, पायरीवर,
काळा चष्मा, नीट चोपलेलं लुगडं,
फडक्यात बांधलेला डबा.
"टेम्पो आला न्हाई का गं अजून?"
रस्ता तिला स्वच्छ दिसत होता.
पार कोपऱ्यापर्यंत, गुलमोहराखाली झोपलेल्या कुत्र्यापर्यंत,
तिथं टेम्पो नव्हता हेही.

आता कुठल्या डोळ्याचं नाव घेऊ?

मी गाऊनवरच तिच्या शेजारी बसले.
चल वर, म्हणायला आले होते.
म्हणाले, डब्यात काय आहे?
तिनं झाकण काढलं. रिकामा.
रिकामा आहे याचं तिला काही वाटलं नाही.
माझ्या खांद्यावरचा एक केस
तिनं चिमटीत धरला,
चष्मा वर सारून दिव्याच्या खांबाकडं केला,
जिभेनं टच् केलं
आणि डब्यात टाकला.

सहाला दूधवाला आला.
"आमचा टेम्पो दिसला का रं वाटंत?"
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी कुठं बघावं ते मला कळेना.
"मागं हाय की आक्का, येतोय," तो म्हणाला,
आणि रोज घाईत ओततो ते माप
आज सावकाश ओतलं.